दुखायच्या आधी बसणारी

“बसली बघ परत!” जिजा वहिनी चिखलातूनच ओरडली. “आत्ता तर रोपांची मूठ हातात घेतली होती. काय गं बुधे, दुखतंय काय?”

“नाय अजून,” बांधावर बसलेली माझी बायको म्हणाली.

“ऐकलं काय गं? दुखत नाय म्हणून बसली!”

सगळ्या बाया हसल्या. बुधीही हसली. मी शेजारच्या खाचरात चिखल करत होतो. नांगर सोडून चार शब्द सुनवावेत असं वाटलं. पण जिजा मोठ्या भावाची बायको, आणि आमच्याकडे आवणीला, भाताची रोपं लावायला, बाया मजुरीवर येत नाहीत. आज आमच्या शेतात, उद्या तिच्या. बुधी दुसऱ्यांच्या शेतात वाकली नाही, तर आमच्या शेतात कोण वाकणार? नांगर धरूनच राहिलो.

बुधीचं अंग बरीच वर्षं दुखत होतं. मान, खांदे, कंबर, मांड्या. आज इथे, उद्या तिथे. झोपून उठली तरी रात्रभर दळण दळल्यासारखी थकलेली. तलासरीत इंजेक्शनं झाली. भगताचा कोंबडा झाला. रक्त तपासलं, फोटो काढले. सगळं चांगलं निघालं आणि तिथेच घात झाला. सगळं चांगलं, मग बाई कामचुकार! कोणाचा पाय मोडला तर आख्खा पाडा बघायला जातो. बुधीला बघायला कोण आलं? आले ते हसायला.

शेवटी डहाणूला एक डॉक्टरीण भेटली. तिने अंगठ्याने ठिकठिकाणी दाबून बघितलं. बुधी दर वेळी कळवळली.

“याला फायब्रोमायल्जिया म्हणतात,” डॉक्टरीण म्हणाली. “तुमचं दुखणं खोटं नाही. काही कुत्री चोर आला की भुंकतात. तुमचं कुत्रं पान हललं तरी भुंकतं. त्याला मारून गप्प करता येणार नाही. सांभाळून घ्यायचं.”

बुधी तिथेच रडायला लागली. मला वाटलं, एवढं मोठं नाव ऐकून घाबरली. बाहेर आल्यावर मला विचारते, “खोटं नाय म्हणाली ना ती? तू पण ऐकलंस ना?”

रात्रीची एक गोळी होती. बाकी सगळं बुधीनेच करायचं होतं. रोज थोडं चालायचं. झोपायची वेळ मोडायची नाही. काम सोडायचं नाही, पण दुखायच्या आधी थांबायचं आणि मग परत उठायचं. ते तिच्या अंगाला मानवलं. पाड्याला पटलं नाही. दुखून पडलेली बाई लोकांना समजते. न दुखता बसलेली समजत नाही.

आदल्या वर्षी आवणी सुरू होताच तिने अंथरूण धरलं होतं. या वर्षी बसत, उठत, सगळ्यांच्या शेतात गेली. जिजाच्याही. ते मात्र कोणी बोललं नाही.

पुढच्या साली, भात झोडून झाल्यावर, एका सकाळी तिने छाती धरली. घामाने पोलकं भिजलं. डावा हात भरून आला म्हणाली. पाड्यातल्या मुकेशची जीप सांगितली आणि तलासरीत एका खाजगी दवाखान्यात नेलं. तिथला डॉक्टर तिला ओळखत होता.

“मावशी, तुमचं नेहमीचंच आहे. टेन्शन घेऊ नका.”

“हे ते नाय,” बुधी म्हणाली. “त्याच्यासंगती मी रोज राहते, मला वळखता येतं. हे दुसरं कायतरी हाय. छातीची ती ईसीजीची पट्टी काढा.”

“त्या आजारात सगळीकडेच दुखतं,” तो हसून म्हणाला. इंजेक्शन दिलं आणि बाहेर बाकावर बसायला सांगितलं. मी दोनदा आत गेलो. दुसऱ्यांदा ओरडलो. “काका, बाकीचे पेशंट पण आहेत,” म्हणाला.

बाकावरच तिची मान माझ्या खांद्यावर पडली. मग सगळे धावले. पट्टी काढायचं मशीन तेव्हा बाहेर आलं. शेजारच्याच खोलीत होतं.

थोड्या वेळाने तो माझ्याकडे आला. “यांना आधीपासून दुखणं होतं ना?”

“होतं,” मी म्हणालो. “त्याने नाय मेली ती. ती सांगत होती, तू ऐकलं नाय, म्हणून मेली.”

तो खाली बघत उभा राहिला. मी वाट बघितली. मग तिला उचलायला मुकेशला हाक मारली.

जीपच्या मागच्या बाकावर तिला निजवली. डोकं माझ्या मांडीवर घेतलं. हायवे सोडल्यावर पाड्याचा रस्ता सगळा खड्ड्यांचा. मुकेशला तिला लवकर घरी पोचवायचं होतं.

“हळू घे रे,” मी म्हणालो. “तिला लागतं.”

“काका, आता कसलं लागणार?”

“तू पण तेच बोलणार?”

मुकेशने आरशातून माझ्याकडे बघितलं. मग गियर बदलला आणि एकेक खड्डा बघून जीप चालवायला लागला. मागून कोणीतरी हॉर्न दिला, परत दिला. त्याने वेग वाढवला नाही.