चष्मेवाल्याचं मत

चष्मेवाल्याच्या घरात पडद्यांचा रंगसुद्धा बायको आणि आई मिळून ठरवायच्या. बँक निवडायचं काम त्याच्यावर आलं, तेव्हा स्वारी इस्त्रीचा शर्ट घालूनच निघाली. कोपऱ्यावरच्या मोठ्या बँकेत कुणी मान वर करून बघितलंसुद्धा नाही. समोरच्या पतसंस्थेतल्या बाई मात्र म्हणाल्या, "बसा ना! सभासद झालात की वार्षिक सभेत तुमचंही मत मोजलं जाईल."

"माझं?" त्यानं दोनदा विचारलं आणि फॉर्म न वाचताच सही ठोकली.

शीळ घालत, दोन-दोन पायऱ्या चढत तो घरी पोचला. "पतसंस्थेत आता माझं मत मोजणार!"

"मोजू दे की," भाजी निवडता निवडता बायको म्हणाली. "आम्ही दोघी तिथं कालच सभासद झालोय."