एक फेब्रुवारीला जे उभं असेल

हेमचंद्र विजयकरने वयाच्या अडतिसाव्या वर्षापर्यंत कुणावर हात उगारला नव्हता. गिरगावातल्या ज्या गल्लीत तो वाढला तिथे गणपतीत, होळीत, क्रिकेटच्या धावांवरून सुद्धा कुणी ना कुणी कुणाची कॉलर धरायचंच. हा तेव्हा घरात पेन्सिलीला टोक काढत बसलेला असायचा. टोकदार पेन्सिल आणि सरळ रेघ यांवर त्याचा जीव होता, आणि त्याच जोरावर तो पालिकेच्या नगररचना विभागात साहाय्यक अधिकारी झाला होता.

पंचावन्न सालच्या शेवटी परळ, लालबाग, शिवडी या भागातली जमीन कोण कशासाठी वापरतं याची पाहणी करून घ्यायचं ठरलं. काम बाहेरच्या एका मोजणी कंपनीला द्यायचं होतं, आणि कंपनीने काय करायचं ते लिहून काढायचं काम हेमचंद्रकडे आलं. महिनाभर तो लिहीत होता. नकाशात गिरणी जांभळी, गोदाम करडं, राहती वस्ती पिवळी, मोकळी जमीन पांढरी; पिवळ्यावरची वस्ती मालकाला उठवता येणार नव्हती, पांढऱ्यावर त्याला हवं ते बांधता येणार होतं. नववं कलम त्याने स्वतःच्या डोक्याने घातलं. एक फेब्रुवारी छप्पन्न या दिवशी जमिनीवर प्रत्यक्ष जे उभं असेल तेच नोंदायचं. मालकाचा दावा, जुने कागद, पुढचे बेत, काही धरायचं नाही. यात लबाडीला जागाच नाही असं त्याला वाटलं.

डिसेंबरात तो जमीन डोळ्यांखालून घालायला शिवडीला गेला. बरोबर गुणाजी होता, मोजणीची लोखंडी साखळी वाहणारा, लालबागच्या चाळीत राहणारा मालवणकडचा माणूस. कापसाच्या गोदामांमागे, भरतीचं पाणी चढणाऱ्या खाजणाच्या कडेला एक्केचाळीस झोपड्या होत्या; गोदीतल्या खोक्यांच्या फळ्या, पत्रे, गोणपाट. माणसं बहुतेक गोदीत हमाली करणारी. रामजी नावाच्या हमालाची बायको जाईबाई हिने त्याला बसायला खोकं दिलं आणि विचारलं, आमच्या हातचं पाणी चालेल का. हेमचंद्र पाणी प्यायला. तिने मोजणी कशाची म्हणून विचारलं तेव्हा तो म्हणाला की काही नाही, नुसती नोंद आहे, घाबरायचं कारण नाही. तारखेचा विषय निघालाच नाही.

आठवड्याभरात त्या जमिनीचे मालक दाजीसाहेब कारखानीस कचेरीत आले. बोलायला गोड, अंगात खादीचा कोट, छातीला संयुक्त महाराष्ट्राचा बिल्ला. चळवळीविषयी ते इतकं कळकळीने बोलले की हेमचंद्रला त्यांच्याविषयी आदर वाटला. मग जाता जाता त्यांनी विचारलं की आमच्या शिवडीच्या तुकड्यावर नकाशात कुठला रंग पडेल.

"एक फेब्रुवारीला जे उभं असेल तो," हेमचंद्रने सांगितलं. कलमात काही गुप्त नव्हतं. कुणीही विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं.

दाजीसाहेबांनी तारीख पुन्हा एकदा विचारून घेतली आणि नमस्कार करून गेले.

जानेवारीच्या मध्यावर मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असा निर्णय झाला आणि शहर पेटलं. गिरण्या बंद पडल्या, ट्रामगाड्या उलटल्या, रस्त्यांवर टायर जळायला लागले, आणि दुपारच्या उन्हात गोळ्यांचे आवाज फटाक्यांसारखे यायला लागले. गिरगावला परतता येत नसल्याने हेमचंद्र परळच्या वॉर्ड कचेरीत अडकला होता आणि जवळच मावसबहिणीकडे राहत होता. तिसऱ्या दिवशी दुपारी गुणाजी धापा टाकत कचेरीत आला. खांद्यावर साखळीची पिशवी तशीच होती. सकाळी कामावर निघाला होता, ती ठेवायला त्याला जागा मिळाली नव्हती.

"साहेब, दाजींची माणसं शिवडीक गेली हत. घासलेटचे डबे घेऊन," तो म्हणाला. "लवू पण हा त्यांच्यात. आमच्याच चाळीतलो."

लवू गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होता आणि संध्याकाळी आखाड्यात. गुणाजीने त्याला चाळीच्या दहीहंडीत सगळ्यांत खालच्या थरात उभं राहिलेलं वर्षानुवर्षं पाहिलं होतं. गिरण्या बंद होत्या, आणि एका दिवसाचं काम आहे म्हणून दाजींच्या मुकादमाने दहा-पंधरा जण उचलले होते.

दोघं चालत निघाले. लालबागच्या नाक्यावर एका माणसाला फळीवर घालून चार जण पळत होते. त्याचा हात खाली लोंबत होता आणि बोटांवरून रक्त ठिबकत होतं. अश्रुधुराने डोळे चुरचुरत होते. हेमचंद्रला दोनदा परत फिरावंसं वाटलं. पण गुणाजी पुढे चालत होता, म्हणून तोही चालला.

गोदामांच्या मागे पोचले तेव्हा धूर आधी दिसला आणि मग घोषणा ऐकू आल्या. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" साऱ्या शहरात तीच घोषणा होती, आणि इथे ती देत देत माणसं पहारींनी झोपड्यांच्या फळ्या उचकटत होती. लांबून ऐकणाऱ्याला वाटलं असतं, मोर्चा आहे. बायका भांडी, गोधड्या घेऊन चिखलात उतरल्या होत्या. बरेचसे पुरुष शहरातच अडकले होते. जे होते त्यांत रामजी होता.

रामजीच्या हातात गोणी उचलायचा लोखंडी आकडा होता. घरासमोर पाय रोवून तो उभा होता, आणि पहिला माणूस अंगावर आला तसा त्याने आकडा त्याच्या खांद्यात रुतवून ओढला. सदरा आणि मांस दोन्ही फाटलं. तो किंचाळत खाली बसला. मग तिघे एकदम आले. एकाने गुडघ्यावर पहार घातली, रामजी वाकला, आणि लवूने दोन्ही हातांनी पहार वर नेऊन त्याच्या डोक्यावर आणली. आवाज फार मोठा झाला नाही. रामजी पडला, उठायला गेला, आणि लवूने पुन्हा मारलं.

हेमचंद्र ओरडत पुढे धावला होता. आपण पालिकेचे अधिकारी आहोत, इथली नोंद व्हायची आहे, असं काहीबाही तो ओरडत होता. नंतर त्याला स्वतःलाच ते शब्द आठवून शरम वाटायची. लवूने त्याच्याकडे बघितलं सुद्धा नाही, पहारीचं मागचं टोक नुसतं बाजूला फेकल्यासारखं त्याच्या कानशिलावर हाणलं. हेमचंद्र राखेत तोंडावर पडला. पडल्यापडल्या त्याने पाहिलं की गुणाजीने पिशवीतून साखळी काढली आहे आणि गरगर फिरवतो आहे. पितळी मूठ एकाच्या जबड्यावर बसली, तो दात थुंकत मागे गेला. दुसऱ्याच्या गळ्याभोवती साखळी गुंडाळली गेली आणि गुणाजीने त्याला खाली ओढून चिखलात तोंड दाबून धरलं. तेवढ्यात जाईबाई कोयता घेऊन आली आणि बाकीच्या बायका दगड. डबे टाकून माणसं पळाली. पण वाऱ्याने आग सगळीकडे धरली होती. तासाभरात एक्केचाळीसातली एकही झोपडी उरली नाही, आणि रामजी हॉस्पिटलात नेतानेता गेला.

हेमचंद्रने जबानी दिली. लवूचं नाव सांगितलं. पण त्या आठवड्यात शहरभर मुडदे पडत होते, आणि जबानी घेणाऱ्याने थकल्या हाताने लिहिलं, अज्ञात दंगेखोर. हेमचंद्रने ते वाचलं. वाद घातला असता तर माणसं कुणी पाठवली ते आलं असतं, आणि मालकाला तारीख कुणी सांगितली तेही आलं असतं. त्याने सही केली.

कचेरीत वरिष्ठांनी त्याची डोक्याची पट्टी पाहून विचारपूस केली आणि मग म्हणाले की शिवडीचा तो तुकडा आता मोकळा धरावा लागेल, तुमचंच कलम आहे.

जानेवारी संपायला दोन दिवस असताना तो नायगावला गेला. जाईबाई तिथे बहिणीच्या खोलीत राहत होती. तांदूळ निवडत बसली होती. त्याला बघून तिने पाट सरकवला. तो बसला नाही.

"जाईबाई, दाजींना एक तारखेचं मीच सांगितलं होतं."

तिचा हात थांबला नाही. "त्यांनी इचारलं म्हणून सांगितलं?"

"हो."

"मग आमाला का नाय सांगितलं?"

तुम्ही विचारलं नाहीत, हे उत्तर त्याच्या तोंडाशी आलं. ते त्याने गिळलं. तिने निवडलेले तांदूळ डब्यात ओतले.

"एक तारखेला आमी तिथं बसनार हाय," ती म्हणाली. "सगळी. तुमी या. कागद नका धाडू. तुमी या."

एक फेब्रुवारीला सकाळी आठ वाजता राखेवर एक्केचाळीस चुली पेटलेल्या होत्या. प्रत्येक घर आपापल्या जागी बसलं होतं, दोन खांब आणि वर गोणपाट, काहींना तेवढंही नव्हतं, नुसते तीन दगड आणि त्यावर भगुलं. कंपनीचा मोजणीदार आला होता, पण गोदामाजवळ लवू आणि आणखी सात जण लाठ्या घेऊन उभे दिसताच तो आपल्या टेबलापाशीच थांबला. त्याचं म्हणणं पडलं की भांडणाच्या जागेत मोजणी करायचं त्याच्या करारात नाही. हेमचंद्रने त्याच्याकडून कागद लावलेली फळी आणि लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा लोखंडी टोकाचा दांडा घेतला, आणि गुणाजीला साखळी टाकायला सांगितलं.

बारा चुली मोजून झाल्या. तेरावी जाईबाईची होती. लवू आला आणि साखळीवर पाय ठेवून उभा राहिला. इथे काही नाही, मोकळी जमीन लिही, असं तो म्हणाला. मग त्याने चूल लाथाडली, भात राखेत सांडला, आणि जाईबाई उठली तसं तिचे केस धरून तिला खाली ओढलं.

हेमचंद्रच्या हातातला दांडा कधी वर गेला ते त्याला कळलं नाही. पहिला घाव लवूच्या कोपरावर बसला आणि वाळली फांदी मोडावी तसा आवाज आला. केस सुटले. दुसरा मानेवर. लवू गुडघ्यांवर आला, मोडका हात पोटाशी धरून. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं.

"बस, साहेब," तो म्हणाला.

हेमचंद्रने ते स्वच्छ ऐकलं. आणि त्यानंतर त्याने पुन्हा मारलं, पुन्हा मारलं, आणि आणखी एकदा, त्याच कोपरावर, नेम धरून. अंगातून काहीतरी मोकळं होत होतं आणि ते थांबवायची त्याला इच्छा नव्हती. गुणाजीने मागून मिठी मारून त्याला उचललं तेव्हा कुठे दांडा पडला. उरलेल्या सातांवर बायकांनी दगड सुरू केले होते. त्यांनी लवूला ओढत नेलं. हेमचंद्रने खाजणाच्या कडेला जाऊन दांडा धुतला. मग परत येऊन त्याने उरलेल्या चुली मोजल्या. आकडे गुणाजीने लिहिले.

तो तुकडा नकाशात पिवळा रंगवला गेला. वरिष्ठांनी बराच वेळ कागदाकडे बघून सही केली. कुणी तक्रार केली नाही. दाजीसाहेबांना ते सोयीचं नव्हतं आणि लवूला तर नव्हतंच.

मार्चमध्ये एका रविवारी सकाळी गिरगावच्या घरी एक बाई आली. गंगुबाई, लवूची बायको. आत आली नाही, दारातच उभी राहिली. तिने सांगितलं की नवऱ्याचा हात कोपरात वाकत नाही आणि तो पुन्हा साच्यावर उभा राहील असं डॉक्टरांना वाटत नाही. चाळीने त्याला हार घातला होता. चळवळीत पोलिसांच्या लाठीमारात जखमी झालो असं त्याने सगळ्यांना सांगितलं होतं. पण गुणाजी त्या हाराला आला नव्हता, आणि विचारलं तर मान वळवून निघून जात होता. गुणाजी ज्या साहेबाबरोबर काम करतो त्याला ठाऊक असेल, एवढ्यावरून ती इथवर आली होती.

हेमचंद्रने सगळं सांगितलं. रामजीचं सांगितलं, पहारीचं सांगितलं. मग स्वतःचं.

"ते बस म्हणाले," तिने विचारलं, "त्याच्यामागून किती?"

"तीन."

तिने पदर सावरला. "चाळीत मी कायएक बोलाचंय नाय. पण माका आता ठावक आसा," एवढं म्हणून ती जिना उतरली.

दुसऱ्या दिवशी हेमचंद्र चौकीवर गेला आणि नवी जबानी स्वतःच्या अक्षरात लिहून दिली. तिच्यात लवू होता, दाजीसाहेब होते आणि तो स्वतः होता. अधिकाऱ्याने वाचून विचारलं की तुमचंही नाव घातलंत, त्याचा अर्थ कळतो ना. कळतो, तो म्हणाला.

खटला उभा राहायला वर्ष लागलं. तोवर त्याची नोकरी गेली होती. जाईबाई साक्षीला आली ती पांढरं पातळ नेसून. धर्म विचारला तेव्हा ती म्हणाली, बौद्ध. कारकुनाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. त्याने पुन्हा विचारलं, तिने पुन्हा सांगितलं, या वेळी सगळ्या कोर्टाला ऐकू जाईल असं. मग तिने एकेक गोष्ट क्रमाने सांगितली. तारीख मालकाला कुणी सांगितली तेही, आणि पडलेल्या माणसाला हेमचंद्रने कसं मारलं तेही. त्याच्यासाठी म्हणून तिने एक शब्द गाळला नाही. आरोपींच्या बाकावर लवूशेजारी बसलेला हेमचंद्र ऐकत होता, आणि ती बोलत होती तोवर त्याने मान खाली घातली नाही. मागच्या रांगेत गंगुबाई होती; ती रोज यायची.

लवूला सात वर्षांची झाली, हेमचंद्रला सहा महिन्यांची. दाजीसाहेबांचा हुकूम कानांनी ऐकणारा कुणी पुढे आला नाही आणि ते सुटले. शिवडीची वस्ती मात्र उठली नाही. नकाशा छापून झाला होता आणि तो बदलायचा तर नवी पाहणी करावी लागली असती.