सुरूच्या बनापर्यंत

टेम्पो म्हणतात मला. पुढे केबिन, मागे हौदा, खाली चार चाकं. बोलणाऱ्यांतला मी नाही. इतकी वर्षं गप्प राहिलो. आज बोलतो, ते ऐका.

पुण्याकडच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. पत्रा ठोकला, इंजिन बसवलं, निळा रंग मारला आणि फाटकाबाहेर काढलं. पहिला मालक पुण्यातला दूधवाला. तिथंच माझ्या कपाळावर नंबर पडला, एमएच बारा. बारा म्हणजे पुणं. माणसाला जन्मगाव चिकटतं तसा तो मला चिकटला.

पुढे दूधवाल्याने मोठी गाडी घेतली आणि मला विकलं. घेणारा कोंडाजी. नाशिकजवळ मखमलाबादच्या शिवारात त्याचा फुलांचा मळा. झेंडू, शेवंती, बिजली. त्याने माझ्याभोवती एक फेरी मारली, इंजिनाला कान लावला आणि म्हणाला, "बरा हाय." तेवढंच. पुढे कधी त्याने माझं याहून जास्त कौतुक केलं नाही. मला त्याचं वाईट वाटलं नाही. मीही तसाच आहे.

"नंबर नाशिकचा करून घ्या," असं कुणीतरी सुचवलं. पहिल्याच दसऱ्याला झेंडू हातोहात गेला होता. कोंडाजी म्हणाला, "नंबर पायगुणाचा हाय. राहू दे." राहिला.

काम एकच. पहाटे फुलं भरायची, पंचवटीतल्या फुलबाजारात न्यायची, रिकाम्या जाळ्या घेऊन परत यायचं. दसऱ्याच्या आधी मुंबईला, दादरच्या बाजारात. माझा हौदा धुतला तरी त्याला झेंडूचा वास येई. गाडी चालवायला कोंडाजीचा मुलगा कुंदन. कोंडाजी शेजारी बसे, समोर बघत. नाशिक ते दादर बाप-लेक जेमतेम चार वाक्यं बोलत.

फुलवाल्याच्या घरात सुट्टी नसते. लोकांची सुट्टी तोच यांचा हंगाम. लोक नवे कपडे घालून फिरायला निघतात, तेव्हा ही माणसं ओल्या बारदानावर बसून फुलं निवडतात.

कोंडाजीची बायको कलाबाई. माहेर घोटीचं. घोटी, मळा आणि फुलबाजार, एवढ्यातच तिचा जन्म चालला होता. माल भरून झाला की ती माझ्या हौद्याच्या मागच्या फाळक्यावर थाप मारी आणि म्हणे, "सावकाश जा रे." कुंदनला वाटे, आई त्याला म्हणते. मला वाटे, मला म्हणते. आम्ही दोघंही सावकाश जात असू.

मग दोन हजार नऊचा श्रावण आला आणि स्वाइन फ्लू आला. पुण्यात माणसं मेली. पेपरात रोज आकडे. नाशिकमध्येही लोक तोंडाला फडकी बांधून फिरू लागले. कापूर आणि वेलदोड्याच्या पुरचुंड्या हुंगू लागले. आमच्या वस्तीत एकाने दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधला, दुसऱ्याने बघून बांधला, आठवड्यात सगळी दारं हिरवी झाली. दहीहंड्या रद्द झाल्या. देवळं ओस पडली. फुलं कुणी विचारीना. झेंडू झाडावरच राहिला आणि कोंडाजीचं घर जन्मात पहिल्यांदा रिकामं बसलं.

एका दुपारी सगळे माझ्या सावलीला बसले होते. कुंदनची बायको मंजुषा म्हणाली, "आई, आत्ताच कुठंतरी जाऊन येऊ. असे रिकामे दिवस परत यायचे नाहीत."

कुंदन म्हणाला, "साथ चालू हाय आणि हिला फिरायचं सुचतंय!"

"गर्दीत जाऊ म्हणते का मी? एसटीत बसायचं नाय, हॉटेलात शिरायचं नाय. आपला टेम्पो, आपलं पाणी, आपली भाकर."

"मग कुठं? महाबळेश्वर?"

"ते पुण्यावरून. नको."

"वणीचा गड?"

"तिथं कोण शेजारी येऊन खोकंल, काय सांगावं?"

शेजारचा सावळीराम तंबाखू मळत उभा होता. म्हणाला, "मग चंद्रावर जा. तिथं गर्दी नाय म्हणतात. फक्त कोंडाजी आधी विचारंल, तिथं झेंडूला काय भाव हाय."

सगळे हसले. कलाबाई घरच्या देवांसाठी हार ओवत होती. मान वर न करता तिने विचारलं, "समुद्र केवढा असतो?"

"लय मोठा," कुंदन म्हणाला.

"गंगापूरच्या धरणाएवढा?"

मंजुषा पदर तोंडाला लावून हसली. कोंडाजी हसला नाही. "बघायचाय?" त्याने विचारलं.

"बघायचा तर हाय. तुमचं बरंय. दरसाल दादरला जाता. तुम्ही पाहिला असंल."

"नाय पाहिला. बाजारापासून जवळच हाय म्हणतात. फुलं सोडून कोण जातंय?"

कलाबाईचा सुईचा हात थांबला. कोंडाजीने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "जाऊ," तो म्हणाला.

त्या घरात असा शब्द मी आधी ऐकला नव्हता.

मग तयारी. दादरच्या बाजारात हमाली करणारा बारकू कुंदनच्या ओळखीचा. त्याचं घर समुद्रकाठच्या एका गावात. गावाचं नाव मी सांगत नाही. कुंदनने फोन केला. बारकू म्हणाला, "या की. एक खोली मोकळीच आहे." वाट ठरली त्र्यंबकच्या बाहेरून, मोखाडा, जव्हार आणि खाली. स्टो, रॉकेल, पिठाचा डबा, पाण्याचे कॅन, सगळं घरचं. हौद्यात गादी टाकली, वर ताडपत्री ओढली.

कलाबाईने मला स्वतः धुतलं. मग कडुलिंबाचे डहाळे आणून माझ्या आरशांना, बंपरला आणि मागे फाळक्याला घट्ट बांधले. "रोग वाऱ्यावरून येतो," ती म्हणाली. "वाऱ्याला आधी हे लागू दे." मी नवरदेवासारखा दिसत होतो. ती निघताना गादीवर बसली, मंजुषा शेजारी. फाळक्याला आतून थाप मारून ती म्हणाली, "चल रे." सावकाश म्हणाली नाही.

घाटात तिला गाडी लागली. फुलबाजाराच्या सरळ रस्त्याची सवय, वळणं कुठली सोसतात? जव्हारपर्यंत तिच्या पोटात काही राहिलं नाही. मंजुषाने तिला आडवं केलं, शाल पांघरली, तोंडाला फडकं बांधलं. "परत फिरायचं का?" कुंदनने विचारलं. शालीतून आवाज आला, "फिरलास तर बघ."

दुपार कलली तेव्हा आम्ही त्या गावाशी पोचलो. रस्ता सुरूच्या बनापाशी वळत होता. बनापलीकडे काहीतरी मोठं, न थांबता घुमत होतं. मी इंजिनाचे पुष्कळ आवाज ऐकले आहेत. हा कुठल्याच इंजिनाचा नव्हता.

वळणावर माणसं उभी होती. त्यातल्या एकाने हात आडवा केला. त्याने आधी माझा नंबर वाचला, मग आरशाचे डहाळे पाहिले, मग मागे जाऊन हौद्यात डोकावला आणि झटकन मागे सरला.

"पुण्याची गाडी. लिंब बांधलेला. आत बाई निजलीय," तो इतरांना म्हणाला.

एक म्हातारी पुढे आली. "घरात देवी आल्या, गोवर आला, की दाराला लिंब लावतात बाबा. लोकांनी लांब राहावं म्हणून. तुम्ही गाडीला लावून हिंडता? काय झालंय बाईला?"

आमच्या वस्तीत सगळ्याच दारांना लिंब होता, म्हणून त्याचा हा अर्थ सगळेच विसरले होते. इथं कुणी विसरलं नव्हतं.

कुंदन उतरला. "आम्ही नाशिकचे, आजी. माझी आई हाय. गाडी लागलीय तिला, दुसरं काय नाय."

"नाशिकचे, मग नंबर पुण्याचा कसा?"

"गाडी जुनी घेतलेली हाय. थांबा, कागद दाखवतो."

तो केबिनमध्ये वाकला. कोंडाजीने त्याच्या हातावर हात ठेवला. "कागद दाखवायचा नाय. आपण चोर हाय का?"

तेवढ्यात बारकू धावत आला. त्याची मान खाली होती. "कुंदनशेठ, माझ्या घरी तान्हं पोर आहे. गाव म्हणतंय नको. मी एकटा काय करू?"

मागून कलाबाईचा आवाज आला. "अहो, मी उतरते ना. बघू द्या त्यांना. धडधाकट हाय मी." ती उठून बसली होती. फडकं काढलं होतं. तोंड पांढरंफटक.

म्हातारीने तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग ती कोंडाजीला म्हणाली, "हे बघा पाहुणे. गावात नका येऊ. गाडी इथंच राहू द्या. ही बनातली पायवाट आहे. बाईला घेऊन जा, पाणी बघा आणि या. आम्ही बाजूला उभे राहतो."

माणसं खरंच बाजूला झाली. वाट मोकळी झाली. पलीकडे तो आवाज चाललेलाच. कलाबाईने फाळक्यावरून एक पाय खाली टाकला. कुंदन तिला हात द्यायला निघाला.

"बस खाली," कोंडाजी म्हणाला.

"अहो, इथंच तर हाय."

"बाजूला उभे राहतो म्हणतात. आम्ही काय महारोगी हाय? चोरवाटेनं बघायचा का समुद्र?" त्याने केबिनचं दार ओढून घेतलं. "कुंदन, वळव."

"नाना, आता आलोच हाय तर…"

"वळव म्हणलं ना."

कलाबाईचा पाय थोडा वेळ तसाच हवेत राहिला. मग तिने तो वर घेतला.

मी वळलो. वळल्यावर माझी पाठ समुद्राकडे झाली आणि हौद्याचं तोंडही. ती बघत बसली. पण मध्ये सुरूची झाडं होती. झाडं लहान झाली, आवाज लहान झाला, मग दोन्ही गेली.

तेव्हा मी कोंडाजीच्या बाजूचा होतो. माणसाने मान सांभाळावी, असं मला वाटलं. मी स्वतः कुणापुढे हॉर्नसुद्धा उगीच वाजवला नाही. पण परतीच्या घाटात मागे एक बारीक आवाज सुरू झाला. कलाबाई लिंब सोडत होती. फाळक्याची गाठ सोडायची, डहाळा रस्त्यावर टाकायचा. पुन्हा गाठ, पुन्हा डहाळा. ती रडली असती तर बरं झालं असतं. बरोबर घेतलेली भाकर कुणी खाल्ली नाही.

त्यानंतर घरात भांडण झालं नाही. भांडणारी बाई ती नव्हे. फक्त ती "अहो" म्हणेनाशी झाली. जेवण वाढलं की ताट सरकवी. निरोप असेल तर मंजुषाकडे देई. कोंडाजीने कधी विचारलं नाही. गणपती आले, दसरा आला, झेंडू परत चालू लागला. माल भरून झाल्यावर माझ्या फाळक्यावर थाप पडली नाही.

दिवाळीनंतर कुंदनने पिकअप घेतली. नवी कोरी, पांढरी, नाशिकच्या नंबरची. मला मळ्याच्या कडेला बोरीखाली नेऊन उभं केलं. पहिल्या आठवड्यात चाकांतली हवा गेली. हौद्यात कोंबड्या बसू लागल्या. ज्याच्याशिवाय घराचं पान हलत नव्हतं, त्याच्याकडे आता कोंबड्यांखेरीज कुणी फिरकेना.

नव्या गाडीची पूजा झाली त्या दिवशी कुंदन म्हणाला, "आई, साथ ओसरलीय. चल, आता जाऊन येऊ समुद्रावर. कुणी अडवायचं नाय."

कलाबाई पिकअपच्या चाकाला हळद लावत होती. "ज्यांनी गाडी वळवली त्यांना म्हणू दे," ती म्हणाली. "तुझ्या म्हणण्यानं नाय यायचं मला."

कोंडाजी ओट्यावर होता. त्याने ऐकलं. उठून मळ्यात गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो माझ्याकडे आला. कोंबड्या हाकलल्या, केबिनचं दार जोर लावून उघडलं आणि आपल्या नेहमीच्या जागेवर बसला. समोर बघत. मग घसा खाकरला.

"चल," तो म्हणाला. रिकाम्या केबिनला. "चल, समुद्र बघून येऊ."

थांबला. मान हलवली. पुन्हा म्हणाला, "अगं, माझं चुकलं त्या दिवशी. चल."

आवाज असा, की मला वाटलं दुसरंच कुणी येऊन बसलं आहे. मग तो उतरला, धोतर झटकलं, घराकडे गेला. ओट्याशी कलाबाई शेवंती निवडत होती. तो तिच्यासमोर उभा राहिला. मी पाहत होतो. बोरीखालून ओटा सरळ दिसतो.

"चहा टाक," तो म्हणाला.

ती उठली आणि चहा टाकायला आत गेली.

त्यानंतर तो रोज येतो. बसतो, तेच म्हणतो, कधी एक शब्द कमी, कधी एक जास्त. मग घरी जाऊन चहा मागतो. त्याच्या या बोलण्याला साक्षीदार मी एकटा. इंजिन बंद, बॅटरी काढलेली. हॉर्नसुद्धा वाजवता येत नाही.

काल भंगारवाला येऊन गेला. पत्रा ठोकून पाहिला, वाकून चाकांवरचे पाटे पाहिले. गुरुवारी नेतो म्हणाला. मला तोडतील याचं दुःख नाही. लोखंड आहे, दुसरं काहीतरी होईन. पण माझ्याबरोबर ते बोलणंही जाईल. केबिन गेली की तो म्हातारा कुठे बसून म्हणेल? उघड्यावर म्हणणारा माणूस तो नव्हे. मी ओळखतो त्याला.

म्हणून तुम्हाला सांगितलं. मखमलाबादकडे कधी आलात, ओट्यावर फुलं निवडणारी कलाबाई दिसली, तर तिला एवढंच सांगा. तो म्हणाला. रोज म्हणत होता. मी ऐकलं आहे.