अकरा मिनिटं

टिर्रर्र करून ओट्यावरचा कोंबडीच्या आकाराचा टायमर वाजला, आणि अकरा मिनिटं कुणी चकार शब्द काढला नव्हता त्या स्वयंपाकघरात पुन्हा हालचाल सुरू झाली.

जमिनीवर चिकटवलेल्या लाल पट्टीवर सात वर्षांची भिंगरी ताठ उभी होती. "हलले का मी?"

"जराही नाही गं राणी," आई म्हणाली.

भिंगरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. गोंगाट झाला, अनोळखी अंग अंगाला लागलं, की ती गरगर फिरू लागे, मग किंचाळे, मग वाट फुटेल तिकडे पळे. मागच्या वर्षी थीम पार्कातल्या रांगेत हेच झालं. तासाभराची रांग, मागून कुणाची तरी बॅग पाठीला लागली आणि पोर कठड्याखालून निसटली. पंचवीस मिनिटांनी सापडली, ती रोलरकोस्टरच्या रुळांशेजारी. ते रूळ आईच्या स्वप्नात अजून येत.

येत्या शनिवारी आतेभावाचा वाढदिवस त्याच पार्कात होता. तिथे एक होडी देवमाशाच्या पोटातून जायची. वर्षभर भिंगरीच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. रांगेत उभं न राहता बाहेर बसायचं आणि आपली वेळ आली की आत शिरायचं, असा पास पार्कवाले अशा मुलांना देत. पास मिळाला तर जायचं, नाहीतर घरी, असं आईने नवऱ्याला ठणकावून सांगितलं होतं. डॉक्टरांचे कागद पार्कवाले बघत नसत. व्हिडिओ कॉलवर एक बाई विचारणार आणि तीच ठरवणार. आज चार वाजता.

चारला दोन मिनिटं कमी असताना आत्या येऊन टेबलाशी बसली. "वहिनी, नीट सांग हं. लेकीचं झाकून ठेवायची खोड आहे तुला."

"तिच्यादेखत काय काय सांगू?"

"सगळं. लाजलीस की बसलीस घरी."

डब्याला टेकवलेल्या फोनवर बाई उमटली. हसतमुख होती. "रांगेत मुलीला नेमकी काय अडचण येते?"

आई सांगू लागली. आवाज, धक्के, पळणं. प्रत्येक शब्दागणिक तिला भिंगरीची नजर पाठीवर जाणवत होती. रुळांपर्यंत पोचली आणि तिने आवाज खाली आणला.

तेवढ्यात मागून आवाज आला, "पण मी आता थांबते. अकरा मिनिटं. दाखवू?" कुणी काही म्हणायच्या आत भिंगरीने टायमर पिळला आणि पट्टीवर जाऊन उभी राहिली.

बाईने मान कलती करून पाहिलं. "छान उभी राहते की."

"इथे राहते हो. इथे कुणी धक्का मारत नाही."

"कळतंय मला. पण थांबता येत असेल तर हा पास नियमात बसत नाही. मला दिसतं तेच लिहावं लागतं. अजून दोन मिनिटं बघते, मग फॉर्म बंद करते."

कोंबडी टिकटिकत होती. पोर पुतळ्यासारखी उभी. दोन महिने रोज राबून जे शिकवलं, तेच आता गळ्याशी आलं होतं. कौतुक करावं की कपाळ बडवावं, आईला कळेना.

फोनमध्ये दिसणार नाही अशा बेताने आत्याने तिला कोपराने ढोसलं आणि डोळ्यांनी ओट्याकडे खुणावलं. ओट्यावर मिक्सर होता. भिंगरी घरात असताना तो कधी लागत नसे. काही वाटायचं असलं की बाबा तिला आधी खाली फिरवून आणत.

आईने मान हलवली. नाही.

"रूळ," आत्या ओठांतल्या ओठांत म्हणाली.

"बरं, मग..." बाईने पेन उचललं.

"एक मिनिट हं, ताई." आई उठली. ओटा चार पावलांवर होता. भिंगरी जागची हलली नाही, फक्त आईकडे बघून तिने अंगठा वर केला. आईने नजर चुकवली आणि मिक्सरचं बटण फिरवलं.

पुढचं सगळं बाईने पाहिलं. कानांवर दाबलेले हात, गरगर, किंकाळी, दाराच्या कडीशी झटापट, आईने मागून घातलेली मिठी, तिच्या हनुवटीवर आदळणारं ते एवढंसं डोकं.

"पुरे, पुरे," बाई घाईघाईने म्हणाली. "माफ करा. पास मंजूर केलाय. सगळ्या घराला चालेल."

आत्याने फोन बंद केला आणि बाहेर निघून गेली. आई जमिनीवर बसली, पोरीला मांडीवर घट्ट दाबून, पुढे-मागे डुलत. हुंदके विरळ होत गेले. मग टायमर वाजला.

"मी हलले," भिंगरी म्हणाली.

"चालतं गं. पास मिळाला आपल्याला. देवमाशात जायचंय ना?"

आईच्या खांद्यावरून भिंगरी मिक्सरच्या काचेच्या भांड्याकडे बराच वेळ बघत राहिली.

"आई, त्यात तर काहीच नाहीये," ती हळूच म्हणाली. "मग लावलास कशाला?"