पायाळूचा हात

पुंजारामची कंबर धरली होती, आणि ते सांगायचीही चोरी होती. हसनाबादेत कुणाच्या पाठीत उसण भरली की तो माणूस पुंजारामकडे येऊन पाठीत एक लाथ घालून घेई, कारण पुंजाराम पायाळू. पायाकडून जन्मलेल्या माणसाच्या लाथेनं उसण उतरते, त्याला जमिनीतलं पाणी कळतं आणि पुरलेलं धनसुद्धा कळतं, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. आता पायाळूचीच कंबर धरली तर त्यानं कुणाची लाथ खायची? सत्तरी ओलांडलेला हा माणूस तीन दिवस दुसऱ्याच्या मोसंबीच्या बागेत मशीन धरून हिंडत होता. तो दमला होता. उन्हाला कंटाळला होता, मशीनला कंटाळला होता आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या नावाला.

बाग त्याच्या मरून गेलेल्या दोस्ताची, संपतची. मशीन संपतच्या मुलाचं, अवधूतचं. अवधूत जालन्यात एका ऑफिसात कारकून होता, आणि बाप गेल्यापासून सातबारा त्याच्या नावावर होता. मशीनला तो लाँग रेंज लोकेटर म्हणे. पिस्तुलासारखी मूठ, तिच्यावर दिवे लागणारी एक डबी आणि पुढे बिजागरीवर मोकळ्या फिरणाऱ्या दोन लांब कांड्या. किलोमीटरभरावरचं सोनं असलं तरी कांड्या तिकडे वळतात, असं विकणाऱ्यानं फोनवर सांगितलं होतं. फक्त धरणाऱ्याच्या अंगात तशी वीज पाहिजे. हे ऐकल्याबरोबर अवधूतला पुंजाकाका आठवले. शिकलेलं पोर, पण फोनवरून मागवलेलं मशीन आणि आजीच्या गोष्टीतला पायाळू यांची गाठ मारताना त्याला काही वावगं वाटलं नाही. उलट काम दोन्हीकडून पक्कं झालं, असंच त्याला वाटलं.

रझाकाराच्या धामधुमीत कुणीतरी या शिवारात सोन्याचा हंडा पुरून पळालं, ही गोष्ट गावात होतीच. पहिल्या दिवशी पुंजाराम वरच्या बांधावरून चालला, दुसऱ्या दिवशी खालच्या. दोन्ही वेळा कांड्या बागेच्या मधोमध वळल्या. अवधूतनं तिथं चुन्याचा गोल मारला. गोलात चौदा झाडं आली, लिंबाएवढ्या फळांनी लगडलेली. जेसीबी उद्या सकाळी येणार होता.

ही झाडं अवधूतच्या आईनं, नंदाबाईनं वाढवली होती. दुष्काळात विहीर आटली तेव्हा टँकरचं पाणी घागरीनं आणून तिनं एकेक बूड ओलं ठेवलं होतं. जेसीबीचं ऐकून ती भांडेल, निदान रडेल, असं पुंजारामला वाटलं होतं. ती एवढंच म्हणाली, "भाऊजींचा हात सांगून राह्यला, तर असंल."

हे वाक्य पुंजारामला रात्रभर काट्यासारखं सलत होतं. तीस वर्षांपूर्वी याच शेतात तो तळहातावर नारळ आडवा ठेवून चालला होता, नारळ उभा राहिला होता आणि संपतच्या विहिरीला भरपूर पाणी लागलं होतं. त्या विहिरीनं त्याचं नाव वीस गावांत नेलं. नंदाबाई बोलत होती ती त्या विहिरीच्या भरवशावर.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं एक उपाय करून पाहिला. नंदाबाईची पेटीतली बोरमाळ मागून घेतली. बागेलगतच्या घराच्या अंगणात पाच घमेली पालथी घालायला लावली आणि आपण पाठमोरा असताना माळ कुठल्याही एकाखाली ठेवायला सांगितली. मग मशीन घेऊन फिरला. कांड्या ऐटीत तिसऱ्या घमेल्याकडे वळल्या. माळ पहिल्याखाली निघाली.

"पाह्यलं का?" पुंजाराम म्हणाला. "समोरचं सोनं कळंना, मंग जमिनीतलं काय कळणार?"

"काका, हे पेटीतलं सोनं," अवधूत शांतपणे म्हणाला. "जे वर्षानुवर्षं मातीत पडून राह्यतं, तेच लहर सोडतं. त्या माणसानं आधीच सांगितलंय मला."

पालथ्या घड्यावर पाणी. पुंजाराम मशीन मांडीवर घेऊन बांधावर बसला. विकणाऱ्यानं प्रत्येक प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन ठेवलं होतं. एकच गोष्ट त्याला माहीत नव्हती. ती पुंजारामला माहीत होती आणि त्याच्या मेलेल्या आईला. आता ती सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मोठं धाडस करतोय असं काही त्याला वाटलं नाही. डोक्यावरचं ओझं कुठंतरी उतरवायचंच आहे तर इथं उतरवू, एवढंच वाटलं.

"अवधूत, मी पायाळू न्हाई."

अवधूत हसला. घमेली उचलणारी नंदाबाई मात्र थांबली.

"खरं सांगून राह्यलो. माय मरायला टेकली तवा तिनं सांगितलं. बाप गेल्ता, घरात दाणा नव्हता. पायाळू म्हटलं की लोक तेल आणत्यात, ज्वारी आणत्यात. म्हणून तिनं उठवून दिलं. मी चार लेकरांसारखा डोक्याकडूनच आल्तो."

"मंग तुमच्या हातात नारळ कसा उभा राह्यचा?"

"डोळ्याला आधी कळायचं. कुठं वारूळ, कुठं उंबर, कुठं गवत जास्त हिरवं. मनात आलं की हात आपसूक कलायचा. ही मधली झाडं जरा जास्त भरल्याली हायत, नजर तिकडंच जाती. कांडी नजरेमागं जाती, दुसरं काय?"

अवधूतच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं, पण विश्वास बसला नव्हता. पुंजाराम कंबरेवर हात देऊन उठला.

"सांग, कुठं वळवू?"

"म्हशीकडं," अवधूत रागानं म्हणाला.

मूठ हलली नाही, मनगट हललेलं दिसलं नाही, पण कांड्या सावकाश म्हशीकडे वळल्या. मग तो म्हणाला तशा तुळशीकडे वळल्या, मग त्याच्या मोटरसायकलकडे. शेवटी अवधूतनं काही न सांगता आपल्या स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं आणि कांड्या त्याच्याकडे वळून थांबल्या. डबीतला हिरवा दिवा मोठ्या खुशीत लुकलुकत होता.

अवधूतनं डबीचं बटण दाबून दिवा बंद केला. मग बागेत जाऊन त्यानं जेसीबीवाल्याला फोन केला आणि उद्या येऊ नको म्हणून सांगितलं. परत येऊन मशीन पिशवीत कोंबलं. जाताना तो म्हणाला, "सगळ्या गावाला फसवलं काका तुम्ही." पोर खोटं बोलत नव्हतं, आणि संध्याकाळपर्यंत ही गोष्ट चावडीवर पोचणार हेही उघड होतं.

नंदाबाईनं चहा आणला. बशी त्याच्यासमोर ठेवून ती बांधावर थोडी लांब बसली.

"भाऊजी, राग मानू नका. मला म्हाईत होतं."

"मायनं सांगितलं?"

"न्हाई. पायाळूचं मला आजच कळलं. विहिरीचं म्हाईत होतं. तुमी जिथं नारळ उभा केल्ता, तिथं पाणी लागलंच न्हाई. साठ फूट खणलं, बिलकुल कोरडं. तुमी तवा घनसावंगीकडं ऊसतोडीला गेल्ता. ह्यांनी तो खड्डा बुजवला अन् वीस हात उताराच्या अंगाला दुसरा खणला. तिथं लागलं. खणणारे परगावचे होते, गावात कुणाला कळलं न्हाई."

पुंजारामला आठवलं. सहा महिन्यांनी परत आल्यावर विहिरीची जागा त्याला जराशी वेगळी वाटली होती. पण मातीच्या ढिगाऱ्यानं शेताचा चेहराच बदलला होता, आणि संपतनं सगळ्यांच्या देखत त्याच्या डोक्याला फेटा बांधला होता.

"ते म्हणाले, पुंजाला कळू देऊ नको. त्याच्यापाशी दुसरं काय हाय?"

पुंजारामनं बशी खाली ठेवली. त्याच्या मनात दुसरंच काही आलं होतं.

"वहिनी, मंग काल हे पोराला का न्हाई सांगितलं? त्यानं माझं ऐकलंच नसतं. झाडं वाचली असती."

"ह्यांना शब्द दिल्ता."

"अन् आज मी बोललो नसतो तर?"

"तर गेली असती चौदा झाडं." ती बागेकडे पाहत होती. "झाडं परत लावता येत्यात, भाऊजी. तुमचं नाव मी कुठून आणलं असतं?"

हे ऐकून पुंजारामला रडू आलं. दोघं नवराबायको तीस वर्षं जे सांभाळत बसली, ते त्यानं अर्ध्या तासात आपल्या हातानं टाकून दिलं होतं, आणि टाकलं म्हणून वाईटही वाटत नव्हतं. संपत आता समोर असता तर, एवढंच त्याला पुन्हा पुन्हा वाटत होतं. नंदाबाई उठली नाही आणि उगी राहा असंही म्हणाली नाही. चहा पार निवेपर्यंत ती तिथंच बसून राहिली.