संपर्क पेजवरचा नंबर

वेबसाइट बनवायला फार डोकं लागतं, असा लोकांचा समज आहे आणि माझं बरं चाललंय ते त्याच्याच जोरावर. खरं तर चार साधी पेजेस असतात. 'नवीन पेज' उघडायचं, वर शीर्षक, खाली मजकूर टाकला, की 'पब्लिश' दाबून मोकळं व्हायचं. पुढे वर्षानुवर्षं ते पेज तिथेच, तसंच बसून राहतं. दोन वर्षांपूर्वी बायको गेली, तेव्हापासून मीही तसाच बसून आहे.

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या सुईवाल्या काकांचं काम आलं, तेव्हा मी माझं नमुन्याचं संपर्क पेज कॉपी केलं. रिकामी जागा भरायला त्यात माझाच मोबाइल नंबर टाकलेला असतो. दुकानाचं नाव बदललं, पत्ता बदलला, वेळ बदलली. नंबर राहून गेला.

तिसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. मला फक्त जाहिरातवाल्यांचे फोन येतात, म्हणून मी उचलताच खेकसलो, "काही नकोय."

"नको कसं? माझं मशीन सारखा धागा तोडतंय," पलीकडून एक बाई म्हणाली.

चूक लगेच लक्षात आली. पेज उघडून नंबर बदलणं अर्ध्या मिनिटाचं काम होतं. पण बायको तीस वर्षं माझ्या टेबलाशेजारी शिवायला बसायची. धागा तुटला की ती आधी काय बघायची, ते मला पाठ होतं.

"सुई काढून परत बसवा," मी म्हणालो. "चपटी बाजू चुकली असेल."

बाई फोन तसाच ठेवून गेली. थोड्या वेळाने मशीन चालल्याचा आवाज आला. तो आवाज मी दोन वर्षं ऐकला नव्हता. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

नंबर उद्या बदलू म्हटलं. तो उद्या महिनाभर लांबला. रोज दोन-तीन फोन यायचे. कुणाची बॉबिन अडकलेली, कुणाचा पट्टा घसरणारा. मी फोनची वाट बघत रोज दाढी करायला लागलो. फोनवरून जमण्यासारखं नसेल, तर काकांच्या दुकानात जा म्हणून सांगायचो, त्यामुळे आपण कुणाचं वाईट करत नाही असं वाटायचं.

मग एक दिवस काका स्वतःच आले. खुर्चीच्या कडेवर बसले.

"साहेब, ती वेबसाइट काढून टाका," ते म्हणाले. "आधी फोन आला नाही, तर वाटायचं, लोकांकडे नंबर नसेल. आता तुम्ही म्हणता, नंबर सगळ्या जगाला दिसतो. तरी कुणी करत नाही. म्हणजे आपली गरज संपली, असंच ना?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "थोडी दुरुस्ती राहिलीय," एवढंच कसंबसं बोललो. ते गेल्यावर पेज उघडलं, त्यांचा नंबर टाकला आणि 'अपडेट' दाबलं. माझा फोन त्या दिवसापासून गप्प झाला.

दहा दिवस कसेबसे काढले. अकराव्या दिवशी त्याच पेजवरचा नंबर मी लावला. "काका, घरचं मशीन बंद पडलंय."

ते तासाभरात आले. बायकोच्या मशीनवरचं कापड काढलं, चाक फिरवून पाहिलं, दोन थेंब तेल सोडलं.

"याला काही झालेलं नाही," ते म्हणाले. "कुणी चालवत नाही, एवढंच."

काका हात पुसत म्हणाले, "परवा एका बाईचा फोन होता. आधी फोनवर एक गृहस्थ असायचे, ते कुठे गेले म्हणून विचारत होती. मी जुना नंबर विचारला. लावून बघितला, तर माझ्या फोनवर तुमचं नाव आलं. लगेच कट केला आणि त्या बाईला परत फोन लावला."

आता ओरडतील, असं वाटलं. ओरडले असते तर सोपं गेलं असतं.

"तिला काय सांगितलंत?" मी विचारलं.

"म्हटलं, आहेत. घरी एकटेच असतात."

मग त्यांनी सुईत धागा ओवला, खाली एक चिंधी घातली आणि स्टूल माझ्याकडे सरकवलं. मी बसलो. तीस वर्षं शेजारी काढली होती, पण पाय कुठे ठेवायचा, हे मला काकांना विचारावं लागलं.