तुटलेली भुवई

संध्याकाळी सात वाजले की आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात एक खून होतो. पावणेआठपर्यंत तो उलगडतो, गुन्हेगाराच्या कानाखाली आवाज निघतो, तो हात जोडून सगळं कबूल करतो आणि आपण समाधानाने जेवायला उठतो. या घरातही वर्षानुवर्षं असंच चाललं होतं. फरक इतकाच, की पाच आठवड्यांपूर्वी या घरातला एक माणूस खरोखरच मारला गेला होता.

बाबा सकाळी पाव आणायला रस्ता ओलांडत होते. पांढऱ्या मालवाहू गाडीने त्यांना उडवलं आणि ती न थांबता निघून गेली. त्यांची मुलगी, एका शाळेतली ग्रंथपाल, तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत चादर वाळत घालत होती. दुसऱ्या दिवशी तिने जबाब दिला : ड्रायव्हरने क्षणभर डोकं बाहेर काढून मागे पाहिलं, चौकड्यांचा शर्ट, उजवी भुवई मधोमध तुटलेली. आठवड्याच्या आत एका लाँड्रीचा ड्रायव्हर पकडला गेला. ओळख परेडला सात माणसं उभी केली होती. तिने एका दमात बोट दाखवलं.

तो गुन्हा कबूल करत नव्हता. त्या वेळी आपण गावाच्या दुसऱ्या टोकाला हॉटेलच्या चादरी उतरवत होतो, एवढंच सांगत होता. येत्या गुरुवारी तिची कोर्टात साक्ष होती.

"असा अधिकारी पाहिजे!" तिचा दादा रोज टीव्हीकडे हात करून म्हणे. "नाहीतर आपला फौजदार. नुसता कागद खरडतोय. दोन ठेवून दिल्या असत्या तर पोपटासारखा बोलला असता."

तिचा दिवस दाखले, सह्या आणि झेरॉक्स यांत जाई. जिवंत माणसापेक्षा मेलेल्या माणसाची कामं जास्त असतात, हे तिला आता कळलं होतं.

रविवारी दुपारी त्याच मालिकेचे जुने भाग लागले होते. वहिनी समोर बसून शेंगा सोलत होती. "हा पाहिलाय आपण," ती म्हणाली. "बाबांनी पहिल्या जाहिरातीच्या आत सांगितलं होतं, हाच खुनी, त्याची भुवई बघा! आणि निघालाही तोच. काय खूश झाले होते! पेढे वाटायचेच बाकी होते." वहिनीचा हात थांबला. "त्यांनी पाहिलेला शेवटचा भाग हा. आदल्या संध्याकाळचा."

ग्रंथपाल पडद्याकडे बघत राहिली. खुन्याने गाडीच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि मागे वळून पाहिलं. चौकड्यांचा शर्ट. उजवी भुवई मधोमध तुटलेली.

ती उठून गॅलरीत गेली. कठड्याला धरून खाली पाहिलं. एक टेम्पो चालला होता. वरून दिसत होतं ते त्याचं छप्पर. चालक दिसतच नव्हता. तिने ती सकाळ पुन्हा आठवली. ओली चादर, तो धप्प आवाज, खाली पाहिलं तेव्हा वळणावरून नाहीशी होणारी गाडीची मागची बाजू. चेहरा? चेहरा होताच कुठे!

संध्याकाळी तिने घरात सांगितलं. दादा आधी हसला, मग भडकला.

"तुला झोप नाही, डोकं ठिकाणावर नाही. अगं, त्या माणसाची भुवई खरोखर तुटलेली आहे! हा काय योगायोग?"

"योगायोग कसला?" आत्या खुर्चीतून म्हणाली. बाबांची ही थोरली बहीण. एकतीस वर्षं कोर्टात टायपिस्ट होती; साक्षीदारांचं बोलणं ऐकून ऐकून टाइप करायचं, हेच तिचं काम. "हिने सांगितलं तुटकी भुवई, म्हणून पोलिसांनी तुटकी भुवई शोधली. आणि परेडला सातांत तसा तो एकटाच. मग हिचं बोट दुसरीकडे जाणार कसं? आपणच पेरायचं आणि उगवलं म्हणून नवल करायचं!"

"आत्या, तू कोणाच्या बाजूने आहेस?"

"तुझा बाप होता, तसा तो माझ्या पाठचा भाऊही होता. त्याला मी कडेवर खेळवलाय. मला बाजू शिकवतोस?"

आत्याचा आवाज खाली आला. "खोटं बोलणारे साक्षीदार मी थोडे पाहिले रे. ते घाम पुसतात, अडखळतात, पकडले जातात. भीती वाटायची ती खात्रीने बोलणाऱ्यांची. मनापासून बोलायचे, रडायचे, आणि चुकीचं सांगायचे. टीव्हीवर कधी पाहिलास साक्षीदार, 'मला नीट दिसलं नाही' म्हणणारा? त्याला कोण बघणार? चॅनल बदलशील तू."

"म्हणजे हा सुटणार. आणि बाबांचं काय?"

"हवं तर तू दुसऱ्या कोणाला आत टाक. बाबांना त्याचा काय उपयोग?"

आईने मान वर केली. "फौजदारसाहेबांना उद्याच सांग," ती मुलीला म्हणाली. त्या दिवसातलं तिचं हे पहिलं वाक्य होतं.

दुसऱ्या दिवशी ती आणि आत्या चौकीत गेल्या. फौजदाराने सगळं ऐकलं, चष्मा काढला आणि डोळे चोळले.

"ती मालिका मीही बघतो. बायको म्हणते, शिका जरा त्याच्याकडून." त्याला हसू आलं नाही. "तुमच्या जबाबाखेरीज या केसमध्ये माझ्याकडे काही नाही, ताई. हॉटेलवाल्याला तारीख आठवत नाही, एवढंच. आता वरून मला बोलणी बसतील."

"मला माफ करा."

"माझी कसली माफी? आमचा शिपाई रोज विचारायचा, साहेब, एकदा हात लावू का. तुमचे बंधूही तेच सांगून गेले होते. नाही लावू दिला. लावला असता तर तो कबूल झाला असता. आणि मग काल तो भाग बघूनसुद्धा तुम्हाला शंका आली नसती."

खरंच होतं ते. त्याने कबुली दिली असती, तर ती निश्चिंत झोपली असती.

फौजदार लिहू लागला. 'चेहरा कदाचित अस्पष्ट दिसला असावा' एवढं लिहून झाल्यावर आत्याने टेबलावर बोट ठेवलं. "कदाचित नको, साहेब. 'मला चेहरा दिसला नाही,' एवढंच लिहा."

बाहेरच्या बाकावर ड्रायव्हरची बायको मांडीवर डबा घेऊन बसली होती. ग्रंथपालने तिला जे सांगायचं ते सांगितलं. बाईने शांतपणे ऐकून घेतलं.

"अठ्ठावीस दिवस," ती म्हणाली. "एवढे दिवस तुम्हाला आठवलं नाही?"

आभार तिने मानले नाहीत, आणि ते बरोबरच होतं. आणखी चार दिवसांनी तो सुटला. तोवर लाँड्रीवाल्याने त्याच्या जागी दुसरा ड्रायव्हर ठेवला होता. ग्रंथपाल लाँड्रीत गेली, मालकाला आपली चूक सांगितली. मालक म्हणाला, बघू. अजून तो बघतोच आहे. ती दर शनिवारी जाते.

दादा आठ दिवस तिच्याशी बोलला नाही. नवव्या दिवशी त्याने रजा टाकली. "चल," म्हणाला. "पावाच्या दुकानापासून सुरुवात करू. कोणीतरी काहीतरी पाहिलं असेल."

त्या रस्त्यावर तेवीस दुकानं. कोणी म्हणालं, आम्ही उशिरा उघडतो. कोणी म्हणालं, नसत्या भानगडीत आम्हाला ओढू नका. चालून चालून दोघांचे पाय दुखायला लागले. शेवटी सायकल दुरुस्त करणारा एक म्हातारा उत्साहाने पुढे आला.

"पाहिलं ना! पांढरी गाडी. मागचा डावा दिवा फुटलेला होता. आणि ड्रायव्हर... चांगला दांडगा, मिशीवाला. गुंडच दिसत होता."

ग्रंथपालने दादाकडे पाहिलं. महिन्याभरापूर्वी तो त्या मिशीच्या मागे धावत सुटला असता. आता तो म्हाताऱ्याच्या शेजारी उकिडवा बसला.

"काका, आठवून सांगा. तुम्हाला त्याचा चेहरा दिसला का?"

म्हातारा विचारात पडला. "चेहरा असा... नाही बुवा. दिवा तेवढा दिसला."

"मग नाही म्हणा, काका. नाही म्हटलं तरी चालतं," दादा म्हणाला आणि त्याने वहीत फक्त दिव्याचं लिहून घेतलं.

वाचकहो, बाबांना कोणी उडवलं ते अजून कळलेलं नाही. कदाचित कळणारही नाही. आपल्याला पाऊण तासात न्याय बघायची सवय लागली आहे, आणि त्या घाईत आपण कोणाच्याही कानाखाली आवाज काढायला तयार असतो. गुन्हेगार सापडावा असं प्रत्येकालाच वाटतं. पण कोणीतरी सापडावा एवढ्यावर जो समाधान मानतो, तो आपल्या मेलेल्या माणसाची आणखी एकदा विटंबना करतो. जे दिसलं तेवढंच सांगावं. जे दिसलं नाही, ते दिसलं नाही म्हणावं. न्यायाच्या कामात नागरिकाचा वाटा इतका साधा आहे, आणि इतका अवघड.